मोजदाद

सकाळी आधी राख पुसायची.
रात्रभरात साकुराजिमा डोंगर खिडकीच्या फटीतून
बोटभर येऊन बसलेला असतो.
मग हात, कोपरापर्यंत.
मग सदतीस अंशांच्या कपाटाचं दार.

तिसऱ्या फळीवर ती बाई आहे.
म्हणजे तिच्या पेशी. फ्लास्कवर एक आकडा
आणि गावाचं पहिलं अक्षर : मा.
माकुराझाकी असणार. तिकडे बोनितो मासे धुरावर वाळवतात,
लाकडासारखे खणखणीत होईस्तोवर.
तिच्या हातांना तोच वास असणार, हे मीच ठरवलंय.
डॉक्टर निइरो म्हणतात, असलं काही ठरवू नये.
बाई जाऊन एकोणीस वर्षं झाली.
पेशींना हे कुणी कळवलेलं नाही.

साध्या पेशी आज्ञाधारक असतात.
बाहेरून निरोप आला की वाढतात,
निरोप थांबला की तीन-चार दिवसांत मान टाकतात.
हिच्या पेशी निरोपाची वाट बघत नाहीत.
विषाणूने आत बिऱ्हाड केलंय, सोबत चार-दोन जनुकं,
त्यातल्या एकाचं नाव टॅक्स.
कर नव्हे, पण वसुली त्याच चालीची :
पेशीच्याच घरातले दिवे सगळे एकदम लावायचे,
आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्याला
खुर्चीवरून उठवायचं.

गंमत अशी की रक्तात ते बहुतेक गप्पच असतं.
तोंड उघडलं की पहारेकरी धावून येतात.
सुईने बाहेर काढा, प्लास्टिकच्या तळाशी ठेवा,
संध्याकाळपर्यंत बडबड सुरू.
आमच्या समोर, निर्धास्त.

तरुणपणी मला वाटायचं, सगळा दोष याचाच.
एका हिवाळ्यात आम्ही ते चांगल्या पेशींत
भरभरून घातलं. वाटलं, आता फ्लास्क पुरणार नाहीत.
पेशी फुगल्या, पसरल्या, चपट्या झाल्या
आणि थांबल्या. मेल्या नाहीत. म्हाताऱ्या झाल्या.
मी तीनदा मोजलं. चूक माझीच, असं धरून
चौथ्यांदा मोजलं.

दुसरं जनुक उशिरा सापडलं.
त्याच धाग्यावर, पण उलट दिशेने लिहिलेलं,
किमोनो उसवायला घेतल्यावर
अस्तराच्या बाजूने दिसावी तशी शिवण.
ते टॅक्सचा आवाज खाली आणतं.
विझवत नाही, वात कमी करतं,
आणि पेशी मग घाई न करता
वर्षानुवर्षं
वाढतच जाते.
इथे न बोलणाऱ्याचेच गहू खपतात.

मी कोशिकी बेटावरची. आम्ही पाच भावंडं,
प्रत्येकाला आईने दोन-दोन वर्षं पाजलं,
पाठच्याच्या वेळी तर बोटीवरसुद्धा.
दुधातून काय येतं हे तेव्हा
डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.
माझा कागद चौतिसाव्या वर्षी आला, पोटात इत्सुकी असताना.
शंभरातल्या पंच्याण्णवांना आयुष्यभर काही होत नाही,
हे वाक्य मी इतरांना फार चांगलं सांगते.

बाटली उकळताना आईने पाहिलं.
म्हणाली, ‘उतरलं नाही का गं?’
मी म्हटलं, नाही उतरलं.
ती रात्रभर माशाच्या डोक्यांचं कढण करत बसली,
दूध यावं म्हणून.
छाती गच्च बांधून मी ते प्यायले. तीन वाट्या.

आता निळा थेंब टाकायचा.
मेलेली पेशी रंग पिते, जिवंत शिवू देत नाही,
म्हणून चौकटीत गोरी दिसेल तेवढीच मोजायची.
आज मिलिलिटरला नऊ लाख चाळीस हजार.
फार झाल्या. अर्ध्या नव्या फ्लास्कमध्ये, ताज्या पाण्यावर,
अर्ध्या ब्लीचच्या बादलीत.

आई असती तर बादलीत डोकावली असती.
तिला विषाणू कळला नसता, टॅक्स कळलं नसतं.
म्हणाली असती,
अगं, अर्ध्या कशाला टाकतेस?